बाप्तिस्म्यानंतरची वर्षे

जयगडच्या किल्ल्याखाली शास्त्री नदी समुद्राला मिळते. खाडीच्या या अंगाला जेटी आणि पलीकडे गुहागर तालुक्यातले तवसाळ. मधल्या पाण्यातून गाड्या-माणसे घेऊन फेरीबोट ये-जा करते. तवसाळला उतरून गुहागर, धोपावे असे गेले की वाशिष्ठीची खाडी आडवी येते. तीही फेरीबोटीने ओलांडली की दाभोळ, आणि तिथून वर दापोली. दापोली तालुक्यातल्या करजगावात १८६१ साली नारायण वामन टिळक जन्मले. जयगडहून उलट्या दिशेने, गणपतीपुळ्याच्या वाटेने निघाले तर मालगुंड लागते, केशवसुतांचे गाव. हे दोन कोकणी मुलगे नागपुरात एकमेकांना भेटले, तेव्हा केशवसुत विशीच्याही आत होते आणि टिळक बाविशीच्या आसपास. पुढे एकाने मराठी कवितेचा रस्ता बदलला. दुसऱ्याने कविता तर लिहिलीच, पण धर्मही बदलला.

या किनाऱ्याला ख्रिस्ती धर्म नवा नाही. स्कॉटिश मिशनरी १८२० च्या दशकात बाणकोट-हर्णैला येऊन शाळा काढून गेले. दापोलीच्या मिशन शाळेत पांडुरंग वामन काणे शिकले, साने गुरुजी शिकले. पण सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे कॅथलिक वस्ती जशी दाट आहे, तशी ती इकडे कधी झाली नाही. अलीकडे जयगडला औष्णिक वीज प्रकल्प आला, बंदर आले. असे प्रकल्प आले की परमुलखातली माणसे येतात आणि आपापला देव बरोबर आणतात. त्यातल्या कुणा ख्रिस्ती माणसाला रविवारची उपासना गाठायची, तर रत्नागिरी शहरापर्यंत पन्नासेक किलोमीटर जायचे.

अशा एकट्यादुकट्या ख्रिस्ती माणसाची श्रद्धा डळमळली, तर त्याने ते कुणाला सांगायचे? हा या लेखाचा विषय.

प्रश्न वरवर खासगी वाटतो. तसा तो नाही. ज्याचा समाज मोठा आहे, त्याची श्रद्धा आटली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. देवळात जाणे कमी झाले, एवढेच. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाची गोष्ट वेगळी आहे, विशेषतः त्याने किंवा त्याच्या वाडवडिलांनी धर्मांतर केले असेल तर. त्याच्या मनात शंका आली की ती दोन बाजूंनी ऐकली जाते. नातेवाईक म्हणतात, ‘आम्ही सांगतच होतो, आता परत ये.’ मंडळीतले लोक म्हणतात, ‘विश्वासात थंड पडला, प्रार्थना कमी पडते.’ एका बाजूला त्याची शंका हा स्वतःचा विजय वाटतो, दुसऱ्या बाजूला पराभव. शंकेला शंका म्हणून कुणी ऐकून घेत नाही. मग तो गप्प बसतो. रविवारी उभा राहून गीते म्हणतो, साक्ष द्यायची पाळी आली की जुनीच साक्ष देतो आणि आतून रिकामा होत जातो.

आपल्याकडच्या ख्रिस्ती चरित्रांनीही या माणसाला फारशी मदत केलेली नाही. त्यांत शंका भरपूर आहेत, पण त्या सगळ्या बाप्तिस्म्याच्या अलीकडच्या. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ घ्या. जुन्या धर्माविषयीची तगमग, रात्री-रात्री केलेला विचार, घरच्यांचे अश्रू हे सगळे त्यात आहे, आणि मग उजाडते. टिळकांच्या बाबतीतही लोकांच्या लक्षात आगगाडीतला प्रसंग राहतो. नागपूरहून राजनांदगावला जाताना एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. कथा तिथे संपते. प्रत्यक्षात माणूस त्यानंतर चोवीस वर्षे जगला, आणि त्या चोवीस वर्षांत काय झाले ते अधिक महत्त्वाचे आहे. त्याकडे पुढे येऊ.

आधी पंडिता रमाबाई. बाप्तिस्म्यानंतरच्या शंकेचा इतका तपशीलवार, इतका निर्भय दस्तऐवज दुसऱ्या कुणा मराठी माणसाने मागे ठेवलेला मला माहीत नाही.

रमाबाई १८८३ च्या उन्हाळ्यात इंग्लंडला पोचल्या तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या. आईवडील दुष्काळात गेले होते, भाऊ गेला होता, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवराही गेला होता. बरोबर दोन वर्षांची मनोरमा होती, आणि आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण. पुण्यात ओळख झालेल्या अँग्लिकन जोगिणींच्या वाँटेज इथल्या मठात त्या उतरल्या. काही महिन्यांतच आनंदीबाईंनी तिथे आत्महत्या केली. परक्या देशात, आपली भाषा बोलणारे एकमेव मोठे माणूस असे गेल्यावर रमाबाईंचे काय झाले असेल, याची कल्पनाच करायची. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यांची धर्ममाता झालेल्या जोगिणीचे नाव सिस्टर जेराल्डीन.

महाराष्ट्रात गहजब झाला. ज्या विदुषीच्या व्याख्यानांना कालपर्यंत गर्दी व्हायची, तिच्यावर पुण्याच्या वर्तमानपत्रांनी झोड उठवली. तिची बाजू घेऊन उभे राहिले ते जोतीराव फुले. १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंच्या निर्णयाचे समर्थन केले. म्हणजे एकीकडे पुणे डोळे लावून बसलेले, दुसरीकडे वाँटेज. नेमक्या याच वर्षांत रमाबाईंना शंका येऊ लागल्या.

चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवत होत्या. ऐकू कमी येऊ लागल्याने डॉक्टर होण्याचा बेत सोडावा लागला होता. वाचन मात्र चालू होते, आणि वाचता वाचता प्रश्न वाढत होते. एकच देव तीन व्यक्तींत कसा? ख्रिस्ताला देव म्हणायचे ते कोणत्या अर्थाने? कुमारीच्या पोटी जन्म मानल्याशिवाय माणूस ख्रिस्ती होत नाही काय? शिवाय एका इंग्लंडात इतके पंथ, आणि प्रत्येक जण बायबलचाच हवाला देणारा. यातले खरे कोण? शास्त्रार्थात वाढलेल्या बाईला हे प्रश्न पडणे साहजिक होते. आईने त्यांना संस्कृत शिकवले, ते आंधळेपणाने मान डोलवण्यासाठी नव्हे.

सिस्टर जेराल्डीनला यात गर्व दिसला. शिष्येने आधी आज्ञा पाळावी, समज मागून येईल, असे तिचे म्हणणे. दोघींची पत्रे वाचताना लक्षात येते की भांडण नुसत्या सिद्धान्तांचे नव्हते. रमाबाई मांस खात नव्हत्या, अंडे घातलेले पक्वान्नही चालत नव्हते. जेराल्डीनला तो जुन्या जातीचा ताठा वाटला. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, माझ्या देशभगिनींना लॅटिन कुठे कळते, असे रमाबाई विचारत. मनोरमेला कोणती शिकवण द्यायची, ते आई ठरवणार की मठ? पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायची गोष्ट निघाली, तर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली आणि रमाबाई भडकल्या. १८८५ च्या मे महिन्यातल्या पत्रात त्यांनी स्वच्छ सांगितले की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मी मान सोडवली आहे. आता दुसऱ्या कुणाचा शब्द हाच देवाचा शब्द म्हणून ती पुन्हा वाकवणार नाही, मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे.

अशा वेळी त्यांना सांभाळले कुणी? कॉलेजच्या प्राचार्य डोरोथिया बील यांनी. बीलबाई पन्नाशी उलटलेल्या, शिस्तीच्या, अविवाहित, इंग्लंडभर नाव असलेल्या शिक्षणतज्ज्ञ. पण रमाबाई येण्याच्या थोडेच आधी त्या स्वतः श्रद्धेच्या मोठ्या संकटातून गेल्या होत्या. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. रमाबाईंची शंका पाहून त्या दचकल्या नाहीत, कारण तो प्रदेश त्यांनी पायाखाली घातला होता. ही बाई नुसती इतिहासाची साक्ष काढून समजणारी नाही, तिला तत्त्वज्ञानाच्या अंगाने विचार करू द्या, घाई करू नका, असे त्या मठाला आणि धर्माधिकाऱ्यांना लिहून कळवत राहिल्या. स्वतः रमाबाईंशी एकेका प्रश्नावर त्या सविस्तर पत्रव्यवहार करत. उत्तर पटले नाही तरी पुढचे पत्र तितक्याच आपुलकीने येई. शंका संपेपर्यंत त्यांनी प्रेम राखून ठेवले नाही.

दुसरा आधार होता फादर नीलकंठशास्त्री, म्हणजेच नेहेम्या गोरे यांचा. काशीत वाढलेला हा चित्पावन शास्त्री ऐन तारुण्यात ख्रिस्ती धर्माचे संस्कृतातून खंडन करायला निघाला आणि १८४८ साली जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन बसला. षड्दर्शनांवरचा त्यांचा ग्रंथ आजही अभ्यासकांना सोडता येत नाही. एवढा मोठा पंडित, पण शंकांनी त्याची पाठ आयुष्यभर सोडली नाही. १८५४ साली महाराजा दुलीपसिंगांबरोबर ते इंग्लंडला गेले. तिथल्या ख्रिस्ती समाजाचे जगणे पाहून त्यांचा जीव इतका उद्विग्न झाला, की हाच ख्रिस्ती धर्म असेल तर मी आपला हिंदुस्थानात परत जातो, अशा भाषेवर ते आले होते, अशी आठवण माक्स म्युलर यांनी लिहून ठेवली आहे. पुढे ते धर्मगुरू झाले. दुसऱ्यांच्या शंकांना उत्तरे देत त्यांनी आयुष्य घालवले आणि आपल्या शंका उराशी बाळगून ते १८९५ साली मुंबईत वारले. याच माणसाने रमाबाईंना मराठीतून लिहिलेल्या पत्रांचा त्यांच्यावर परिणाम झाला. ज्याची झोप शंकेने उडाली आहे, त्याच्या सांगण्याला वेगळे वजन असते, हे रमाबाईंना कळले असणार.

१८८६ च्या फेब्रुवारीत रमाबाई आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेला गेल्या. परतल्यावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडले. या सगळ्या काळात प्रश्न सुटले नव्हते. १८९१ साली, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, त्यांच्या अंतःकरणात काहीतरी निर्णायक घडले. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या म्हणतात की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. या वळणावर त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचे आत्मचरित्र पडले होते. हा गृहस्थ व्यासपीठावर उभा राहून इतरांना प्रवचन देता देता स्वतः बदलला होता. म्हणजे पुन्हा तेच: बाहेरून पूर्ण ख्रिस्ती, आतून रिकामा असलेल्या माणसाचे कबूल करणे त्यांच्या कामी आले.

त्या आठ वर्षांत रमाबाई ख्रिस्ती होत्या की नव्हत्या? चर्चच्या नोंदवहीत होत्या. पुण्याच्या लेखी तर होत्याच. त्यांनी स्वतः मात्र ‘मला हे पटत नाही’ असे लिहायला कधी संकोच केला नाही, आणि उपासनेला जाणेही सोडले नाही. श्रद्धा आणि शंका एका घरात नांदू शकतात, याचा हा पुरावा आहे. दोघींना सामावणारे घर मात्र असावे लागते.

बायबलला याचे वावडे नाही. ईयोब देवाला जाब विचारतो, आणि शेवटी देव त्याच्यावर रागावत नाही. त्याला गुळगुळीत उत्तरे देणाऱ्या मित्रांवर रागावतो. निम्मी स्तोत्रे म्हणजे तक्रारी आहेत. जखमांत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणाऱ्या थोमाला इतर शिष्यांनी बाहेर काढले नाही. आठ दिवसांनी तो त्यांच्यातच बसलेला होता. आणि वधस्तंभावरचा ख्रिस्त ‘माझा त्याग का केलास’ असे विचारतो. ज्या धर्माच्या मध्यभागी हा प्रश्न आहे, त्याच्या मंडळ्यांत शंका काढणाऱ्याकडे संशयाने पाहिले जावे, हे मला दुःखदायक वाटते.

रमाबाईंनंतर पाऊण शतकाने पुणे पुन्हा अशाच एका कहाणीत येते. मदर तेरेसांची खासगी पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा जग चकित झाले. कोलकात्याच्या रस्त्यांवर काम सुरू केल्यापासून जवळजवळ अखेरपर्यंत, पन्नास वर्षांच्या आसपास, त्यांना देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते. प्रार्थनेला उत्तर म्हणून नुसती पोकळी. हे त्यांनी मोजक्या धर्मगुरूंखेरीज कुणाला कळू दिले नाही. त्यांतले एक होते जोसेफ नॉयनर, पुण्यात ईश्वरविद्या शिकवणारे ऑस्ट्रियन जेझुइट. तुमचा यात काही दोष नाही, यावर माणसाच्या हातात इलाज नाही, आणि देवासाठी तुम्ही इतक्या तळमळता हीच तो जवळ असल्याची खूण आहे, असे त्यांनी मदर तेरेसांना सांगितले. १९६१ मध्ये मदरनी त्यांना कळवले की इतक्या वर्षांत प्रथमच मला हा अंधार आपलासा वाटू लागला आहे. अंधार गेला नाही. त्याचे ओझे मात्र हलके झाले, कारण त्यावर दोष म्हणून बोट ठेवणारा माणूस न भेटता समजून घेणारा भेटला. फादर नॉयनर २००९ साली वयाच्या एकशे एकाव्या वर्षी पुण्यातच वारले.

आता टिळक. त्यांचे संकट निराळ्या जातीचे होते. ख्रिस्तावरचा त्यांचा जीव कधी ढळला नाही. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्तापर्यंत आलो, असे सांगणारा हा माणूस शेवटपर्यंत भक्तच राहिला. ढासळला तो संस्थेवरचा विश्वास. परदेशी पगार, परदेशी पद्धती, गोऱ्या मिशनऱ्याच्या हाताखालचा देशी ख्रिस्ती, आपल्याच लोकांपासून तुटलेला. ‘ज्ञानोदया’तून ते यावर लिहीत होते, भजन-कीर्तनातून उपासनेला मराठी वळण देत होते. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचे काम सोडले, पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. ख्रिस्ताचा शिष्य म्हणवायला बाप्तिस्मा झालेलाच असला पाहिजे असे नाही, ही त्या दरबाराची भूमिका. आजच्याही पुष्कळ पाळकांना ती झेपणार नाही. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले. दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. त्यांची गीते टिकली. आज मराठी मंडळीत ‘उपासना संगीत’ उघडले की पानोपानी तेच आहेत.

संस्थेवरून मन उडाले म्हणजे देवावरून उडाले, असे नव्हे. या दोन दुखण्यांची गल्लत फार होते. चर्चच्या मालमत्तेची भांडणे, मंडळीतली जात, पदांची ओढाताण पाहून विटलेला तरुण ‘माझा विश्वासच राहिला नाही’ म्हणतो, आणि तो स्वतःलाही नीट ओळखत नसतो. त्याला त्रैक्याचे स्पष्टीकरण देऊन काय उपयोग?

लक्ष्मीबाई टिळकांचे नाव या विषयात कुणी सहसा घेत नाही. खरे तर श्रद्धेच्या संकटाची सर्वांत मोठी किंमत त्यांनी मोजली, तीही दुसऱ्याच्या श्रद्धेपायी. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या चार-पाच वर्षे त्याच्यापासून दूर राहिल्या. त्या काळात माहेरच्या सनातनी हिंदू माणसांनी त्यांना पोटाशी धरले. पुढे त्या टिळकांकडे आल्या, पण धर्मांतर केले नाही. टिळकांनीही सक्ती केली नाही. सोवळे-ओवळे सांभाळत त्या ख्रिस्ती घरात राहिल्या, आणि देवाने माणसांत जाती केल्याच नाहीत हे त्यांचे त्यांना उमगले, तेव्हा आपल्या पायांनी १९०० साली बाप्तिस्म्यापर्यंत गेल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण त्यांच्या विनोदावर खूश होतो. त्यांचे हे सावकाश, स्वतःच्या गतीने चालणे आपल्या नजरेतून निसटते. टिळक गेल्यावर त्यांचे अर्धवट राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी हाती घेतले. टिळकांचे सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय होते. शालेय शिक्षण न झालेल्या या बाईने पुढचे साठाहून अधिक लिहिले. वैधव्यात, म्हातारपणात, ओवीमागून ओवी रचणे हाच त्यांचा आधार होता, असे मी मानतो.

मग जयगडच्या त्या एकट्या माणसाने करायचे काय? वादात जिंकवून देणारी पुस्तके त्याला पुष्कळ मिळतील. त्यांचा उपयोग मर्यादित आहे. त्याला एक माणूस हवा. तो पाळक असेल, फादर असेल, शाळेतली जुनी बाई असेल, हिंदू किंवा मुसलमान शेजारीही असेल. अट एवढीच की त्याची शंका हा माणूस कुणाच्या हारजितीच्या खात्यावर मांडणार नाही. कॅथलिक असेल तर पापनिवेदनाची गुप्तता त्याच्या हक्काची आहे. तिथे शंका पाप म्हणून सांगायची गरज नाही, ओझे म्हणून सांगता येते. समोरासमोर जमत नसेल तर लिहावे. रमाबाईंचे सगळे झगडे पत्रांतूनच झाले, आणि लिहिताना माणूस स्वतःला फसवत नाही. उपासनेला जाणे जमत असेल तर शंका बरोबर घेऊन जावे. न जमल्यास काही काळ न जाण्याने देव दुरावतो असे नाही. प्रार्थनेचे शब्द सुचेनासे झाले तर दुसऱ्याचे घ्यावेत. स्तोत्रे त्यासाठीच आहेत.

आणि एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे. झोप उडणे, अन्न न जाणे, जगणे नकोसे वाटणे हे सुरू झाले असेल, तर तो केवळ श्रद्धेचा प्रश्न उरलेला नाही. तिथे उपास-प्रार्थनेबरोबर मानसोपचारतज्ज्ञ हवा, आणि लगेच हवा. वाँटेजच्या त्या उन्हाळ्यात आनंदीबाई भगतांच्या मनात काय चालले होते, ते त्यांच्या तोंडून आपल्याला कधीच कळणार नाही. आज त्यांच्या जागी असलेल्या कुणाच्या खोलीचे दार वेळेवर ठोठावणे मंडळीला जमले पाहिजे.

मंडळीकडूनही काही मागायला हवे. रविवारच्या साक्षींत ‘मी असा होतो आणि असा झालो’ एवढेच ऐकू येते. ‘मी अजून वाटेत आहे’ असे म्हणणाऱ्यालाही उभे राहता यावे. सुवार्तेच्या सभा होतात, तरुणांची शिबिरे होतात. प्रश्न विचारण्याची बैठक क्वचितच होते. ती सुरू करायला इमारत लागत नाही, निधी लागत नाही. बीलबाईंसारखे स्वतः पोळलेले एखादे माणूस असले तरी पुरते.

सिस्टर जेराल्डीनविषयी अखेरीस लिहिले पाहिजे, कारण आजवर तिच्यावर अन्याय झाला आहे. ती वादात कठोर होती, अनेकदा चुकीची होती. पण तिने मनोरमेवर माया केली, रमाबाईंशी नाते तोडले नाही, आणि उतारवयात सगळा पत्रव्यवहार जुळवून ठेवला. त्यात रमाबाईंनी तिला सुनावलेली पत्रे आहेत, तिचे हेके उघडे पाडणारी पत्रे आहेत, बीलबाईंनी तिची कानउघाडणी केलेलीही आहेत. ती दडवणे तिला सहज शक्य होते. ए. बी. शहा यांनी संपादित केलेला तो संग्रह महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला. रमाबाईंच्या शंका आज आपण त्यांच्याच शब्दांत वाचू शकतो, त्या जेराल्डीनने जपल्या म्हणून.